तारेवरची भिंगरी नेमकी कुठली?

प्रश्न: ताई, हिवाळ्यात हतनूर धरणाकडे गेलं की तारांवर भिंगऱ्या (स्वॅलो पक्षी) बसलेल्या असतात, पाठ सगळ्यांची निळी-काळीच, मग माळभिंगरी कोणती न तारवाली कोणती हे कसं ओळखायचं? शेपटीवरून तर काही कळत नाही. (भुसावळ)

उत्तर: भाऊ, शेपटी सोडा, आधी गळा बघा. तारवालीच्या शेपटीतल्या त्या दोन तारा इतक्या बारीक असतात की लांबून दिसतच नाहीत, कधी तुटलेल्याही असतात, पण तिचा गळा अन् पोट एकदम पांढरंशुभ्र, आणि डोक्यावर पूर्ण तांबूस टोपी. माळभिंगरीचं फक्त कपाळ न गळा तांबूस, टोपी नाही, आणि गळ्याखाली गडद निळा पट्टा, तो दिसला की विषय संपला. खरी गडबड होते माळभिंगरीच्या पिल्लांची, रंग फिक्का, शेपटी आखूड, गळाही मळकट पांढरा, तिथं टोपी आणि पट्टा दोन्ही तपासा.

माळभिंगरी हिवाळी पाहुणी, तारवाली बारमाही, पाण्याजवळच राहणारी, त्यामुळे भर मे महिन्यात तापीकाठी दिसली तर बहुतेक तारवालीच.

तिसरी, लालबुडी भिंगरी, सोपी आहे, कंबर तांबूस, पोटावर बारीक रेघा, शेपटीखालचा भाग काळा. आणि पुलाखाली मातीची घरटी एकमेकांना चिकटून भरपूर दिसली तर थांबाच, ती रेघाळ गळ्याची भिंगरी असू शकते, लहानशी, शेपटी जवळपास चौकोनी. तारवालीची जोडी मात्र आपलं घरटं वेगळं बांधते. फोटो काढाल तर समोरून काढा, पाठीचा फोटो ओळखायला फारसा कामाचा नाही, आणि घरट्याच्या फार जवळ जाऊ नका.