परसातलं तळं: खड्डा खणण्याआधी विजेचं बिल मांडा

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वाळवा तालुक्यात राहतो आणि पुढच्या वर्षी 31 मे रोजी निवृत्त होणार आहे. घरामागच्या परसात 16 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 4 फूट खोल असं माशांचं तळं बांधायचं आहे. ही माझी बरीच जुनी हौस आहे. ठेकेदाराने आरसीसी टाकी, अर्ध्या एचपीची मोटर, फिल्टर आणि कारंजं धरून 2,40,000 रुपये सांगितले आहेत. वीज महाग पडेल म्हणून बॅटरीसह 3 किलोवॅटचं सोलर घ्या असं दुसरा एकजण म्हणतो, त्याचे 2,60,000. रोहू-कटला विकून महिन्याला 8 ते 10 हजार सुटतील असा अंदाज आहे. त्यासाठी 5 लाखांची मुदत ठेव मोडू का? पेन्शन लागू आहे, कर्ज नाही. घरात सध्या महिन्याला 180 युनिट वीज लागते, इन्व्हर्टर आहे.

उत्तर:

गुरुजी, नमस्कार.

तळं जरूर करा. पण त्यासाठी ठेव मोडू नका, आणि आजच्या दोन्ही कोटेशनपैकी एकावरही सही करू नका. तुमची हौस 80-85 हजारांत भागते. 5 लाखांचा आकडा आला कारण त्यात तीन वेगळे निर्णय एकत्र झालेत: हौस, धंदा आणि वीज. ते सुटे करून पाहू.

आधी धंदा. तुमचं तळं 160 चौरस फुटांचं, म्हणजे साधारण 15 चौरस मीटर. पाणी मावेल 18,000 लिटर. रोहू-कटल्याच्या चांगल्या सांभाळलेल्या तळ्यातून हेक्टरी 5 टन उत्पादन धरलं, तर एका चौरस मीटरला अर्धा किलो पडतो. तुमच्या परसातून वर्षाला साडेसात किलो मासळी निघेल. घरच्या कालवणापुरती ठीक आहे.

महिन्याला 9,000 रुपये हवे असतील आणि जागेवर किलोला 180 रुपये मिळाले, तर वर्षाला 600 किलो मासे विकावे लागतील. 18 घनमीटर पाण्यात एवढे मासे दाटीने वाढवणं अनुभवी माणसालाही झेपणं कठीण. समजा जमलं. एक किलो वाढीला दीड किलो खाद्य धरलं तर 900 किलो खाद्य लागेल, 45 रुपये किलोने 40,500 रुपये. ठेकेदाराची अर्ध्या एचपीची मोटर चोवीस तास चालली तर वर्षाची वीज 60,000 च्या घरात जाते, हिशेब खाली देतो. विक्री 1,08,000, त्यातून एक लाखाच्या वर खर्च, आणि बियाणं, औषधं, मेलेले मासे, तुमचे कष्ट यांतलं काहीच अजून धरलेलं नाही. हा धंदा नाही, गुरुजी. बायोफ्लॉकची (जिवाणूंच्या मदतीने दाटीत मासे वाढवायची) टाकी विकायला कुणी आलं आणि याहून मोठे आकडे सांगू लागलं, तर त्याच्याकडे गेल्या वर्षाचं वीजबिल आणि विक्रीच्या पावत्या मागा. कुणी थाई मांगूर सुचवला तर थेट नाही म्हणा, त्या माशाच्या पालनावर बंदी आहे.

निवृत्तीनंतर महिन्याला 9,000 रुपये वरचे हवे आहेत ही गरज मात्र खरी आहे. पेन्शन सुरू झाली की हातात येणारी रक्कम एकदम निम्म्यावर येते. त्याचं उत्तर तळ्यात शोधू नका. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात, साठीची वाट पाहावी लागत नाही. सध्या तिथे 8.2 टक्के व्याज आहे. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. 13 लाख 20 हजार ठेवले तर महिन्याला 9,000 च्या हिशेबाने व्याज दर तिमाहीला जमा होईल.

आता वीज. तळ्यात खरा पैसा इथे जातो. खड्ड्याचा खर्च एकदाच होतो, मोटर रोज चोवीस तास चालते, आणि हा आकडा दोन्हीपैकी एकाही कोटेशनमध्ये लिहिलेला नाही.

अर्ध्या एचपीची साधी मोनोब्लॉक मोटर मीटरवरून साधारण 500 वॅट ओढते. दिवसाला 12 युनिट, महिन्याला 360. तुमचे 180 धरून झाले 540. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा कितीतरी महाग असतं. फ्रिज, पंखे, टीव्ही यांनी खालचे स्वस्त युनिट आधीच वापरलेत. तळ्याचं प्रत्येक युनिट त्यांच्यावर चढतं आणि महागड्या दरानेच लागतं. वहन आकार आणि वीज शुल्क धरून या वाढीव युनिटांना मी सरासरी 14 रुपये लावले: महिन्याला 5,040, वर्षाला 60,000. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, ते घालून हाच गुणाकार पुन्हा करून बघा.

एवढ्या मोटरची गरजच नाही. कमी मासे असलेल्या बागेतल्या तळ्याचं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं की पुरतं. म्हणजे ताशी 9,000 लिटर. तळ्यासाठी बनवलेला कमी विजेचा सबमर्सिबल पंप हे काम 90 वॅटच्या आसपास करतो. घेताना एकच गोष्ट पाहा: खोक्यावर छापलेले लिटर शून्य उंचीचे असतात. दीड मीटर उंचीला तो किती पाणी देतो ते तक्त्यात बघूनच घ्या. धबधबा पाच फुटांऐवजी दोन फुटांचा ठेवलात आणि पाइप दोन इंची, कमी वळणांचा घातलात, तर तोच पंप आरामात पुरेल. सोबत 35 वॅटचा एअर पंप. दोन्ही मिळून 125 वॅट, महिन्याला 90 युनिट. घराचे धरून 270. तुम्ही 300 च्या आत राहता, आणि वाढीव बिल येतं 1,100 रुपयांच्या आसपास. फक्त पंप बदलल्याने वर्षाचे 47,000 रुपये वाचले.

कारंजं पाहुणे आले की लावा. पाणी हिरवं होऊ नये म्हणून यूव्ही दिवा सुचवतील. पहिल्या वर्षी तो घेऊ नका, त्याऐवजी अर्ध्या तळ्यावर शेडनेट बांधा.

सोलरवाल्याची सूचना ऐकायला बरोबर वाटते, पण माशांचं घड्याळ वेगळं आहे. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशाला लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. एप्रिल-मेमधली पहाट हीच धोक्याची वेळ, आणि त्या वेळी ऊन नसतं. म्हणून तो बॅटऱ्या विकतोय. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार-सहा वर्षांत बदलाव्या लागतात, आणि महावितरणच्या वीज-जाळ्याला न जोडलेल्या अशा संचाला पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदानही नाही.

रात्रीच्या वीजकपातीचा उपाय तुमच्या घरातच आहे. एअर पंपाची वायर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. 150 एएचच्या चांगल्या बॅटरीतून हजारभर वॅट-तास सहज मिळतात. 35 वॅटचा पंप आठ तास चालला तरी 280 संपतात. पंखे-दिवे चालू असतानाही रात्र निघेल. मोठा पंप मात्र त्या लाइनवर घेऊ नका. तो काही तास बंद राहिला तर चालतं, हवा बंद पडता कामा नये. दोन-तीनशे रुपयांच्या वायरिंगने जे काम होतं, त्यासाठी तुम्ही 2,60,000 द्यायला निघाला होता, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

सोलर नकोच असं मी म्हणत नाही. महावितरणच्या जाळ्याला जोडलेलं, नेट मीटरवालं (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं) सोलर तुमच्या घराला फायद्याचं आहे, पण तो घराच्या बिलाचा निर्णय आहे. एक किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरले तर 2 किलोवॅट महिन्याला 240 युनिट देतात. सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान मिळतं. 3 किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000, पण तुम्हाला तेवढा लागणार नाही. अनुदान वजा जाता 70-80 हजार तुमच्या खिशातून जातील आणि महिन्याला 2,200 रुपये वाचले तर तीन वर्षांत वसूल होतील. निवृत्तीच्या रकमेतून एवढे काढायला माझी हरकत नाही, कारण ते दरमहाचा खर्च कमी करतात. तळं सुरू झाल्यावर तीन महिन्यांची बिलं पाहा आणि मग क्षमता ठरवा. योजनेचा कालावधी 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणून त्यापुढे लांबवू नका. आणि हेही लक्षात ठेवा: असं सोलर वीज गेली की भर दुपारीही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी ती व्यवस्था असते. म्हणून इन्व्हर्टरची वायर तरीही हवीच.

आता बांधकाम. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर आरसीसीचा आग्रह सोडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, टाकीला तडा जायला निमित्त मिळतं. शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, टाकी कितीतरी वेळा भरून ओतून द्यावी लागते. जत-तासगावकडे द्राक्षवाले शेततळ्याला जो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालतात तोच घ्या. लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंची खोली आणि काठावर एकेक फूट धरला तर 26 बाय 20, म्हणजे 520 चौरस फूट लागेल. जोडून बसवून दहा हजारांच्या आत व्हावं. काठ जमिनीपासून नऊ इंच वर उचला, नाहीतर पहिल्या वळवात अंगणातलं खताचं पाणी तळ्यात येईल. घर कृष्णेच्या पूररेषेच्या जवळ असेल तर 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवूनच जागा ठरवा.

माझा अंदाज असा: खणाई 8,000, कागद 10,000, विटांचा काठ आणि दगड 15,000, पंप 9,000, 200 लिटरच्या ड्रमांचा फिल्टर 8,000, एअर पंप 4,000, वायरिंग 6,000, शेडनेट 4,000, मासे आणि रोपं 6,000. झाले 70,000. अडीअडचणीला 10-15 हजार. यातली वायरिंग हीच एक बाब अशी आहे जिथे एक रुपयाही वाचवू नका. 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं स्विच) आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय पाण्यात पंप सोडायचा नाही. नातवंडं येत असतील तर चार फूट खोल पाण्याला जाळीचं कुंपण हवं, ते अडीअडचणीच्या रकमेतून करा.

पाण्याचाही खर्च असतो. उन्हाळ्यात दिवसाला 7 मिलिमीटर पाणी उडालं तर रोज 100 लिटर भरावे लागतील. ते नळाचं असेल तर क्लोरिन उडण्यासाठी एक दिवस साठवून मग सोडा. पावसाळ्याचा फायदा घ्या: 800 चौरस फुटांच्या छतावर 500 मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळपास 30,000 लिटर पाणी खाली येतं.

मासे कोणते? रोहू-कटला या तळ्याला मोठे होतात. गोल्डफिश, कॉमेट आणि डासांसाठी गप्पी. कोई हवेच असतील तर मोठ्या माशाला 1,000 लिटर धरून बारा-पंधराच्या वर नेऊ नका. सगळे एकदम सोडू नका. फिल्टरमध्ये जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्याआधी गर्दी केली तर अमोनियाने मासे मरतात.

वहिनींना शोभेच्या माशांचा छोटा व्यवसाय करायचा असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी 3 लाखांचा युनिट खर्च धरलेला होता आणि महिलांना 60 टक्के, सर्वसाधारण गटाला 40 टक्के मदत. सध्या अर्ज घेतायत का हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण तिथे टाक्या, शेड, विक्री हे सगळं दाखवावं लागतं. हौसेचं तळं त्या अनुदानात बसवायचा प्रयत्न करू नका.

राहिला पैशांचा प्रश्न. निवृत्तीपर्यंत दहा पगार हातात आहेत. याच महिन्यापासून 8,000 रुपयांचं आवर्ती खातं उघडा, मे अखेर 80,000 आणि व्याज जमेल. ठेव मोडली असती तर मुदतीआधी मोडल्याचा दंड बसला असता आणि 7 टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाचं 35,000 व्याजही गेलं असतं. ती रक्कम दवाखान्यासाठी तशीच राहू द्या.

तळं चालवायला वर्षाला वीज 13,000, खाद्य 6,000, पाण्याच्या चाचण्या आणि किरकोळ 3,000, पंप बदलायला बाजूला 3,000, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर लागतील. हा आकडा आजच्या पगारावर मोजू नका. पेन्शनचा अंदाज काढा, घरखर्च आणि औषधं वजा करा आणि उरलेल्या रकमेत हे दोन हजार बसतात का ते वहिनींबरोबर बसून पाहा. बसत असतील तर निवृत्तीआधी, मार्चमध्ये, खणाईला हात घाला. जमीन कोरडी असते, पहिल्या पावसाआधी कागद बसतो, आणि छताचा पाइप तळ्याकडे वळवायला वेळ मिळतो. तोवरच्या पगारांतून खणाई, कागद आणि काठाचे पैसे जमलेले असतील. पंप आणि मासे शेवटचे दोन पगार आल्यावर घ्या.