'कुख्यात', 'नामचीन' आणि 'पाहिजे'

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा: "दहशतवादी संघटनेच्या प्रमुखावर लेख लिहितोय. 'मोस्ट वाँटेड'ला मराठीत काय म्हणायचं? मी 'नामचीन दहशतवादी' लिहिलं, तर मित्र म्हणतो हा शब्द चांगल्या माणसासाठी असतो. आणि 'तो नावारूपाला आला', 'अजून फरार आहे' हे बरोबर ना?"

मित्र हिंदीच्या कानाने ऐकतोय, आणि नागपुरात ते साहजिकच आहे. हिंदीत 'नामचीन डॉक्टर', 'नामचीन शायर' सहज चालतं. मराठीने तोच फारसी शब्द घेतला आणि गुंडाच्या गळ्यात बांधला. मराठी बातमीत 'नामचीन' दिसला की पुढचा शब्द बहुतेक 'गुंड' असतो. डॉक्टरला आपण 'नामांकित' म्हणतो. म्हणजे तुमचा शब्द अर्थाने चुकलेला नाही, पण मापाला लहान पडतो. नामचीन गुंड हा एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतला असतो, वस्तीला नावानिशी ठाऊक असलेला. जैश-ए-महंमद या दहशतवादी संघटनेचा प्रमुख मसूद अझहर याला नामचीन म्हणणं म्हणजे त्याला चौकातल्या पानठेल्यावर आणून बसवणं.

'सराईत' आणि 'अट्टल' हेही इथे बसत नाहीत. सराईत म्हणजे हात बसलेला. शब्द मुळात दूषण देणारा नाहीच, 'सराईतपणे गाडी वळवली' असं आपण कौतुकानेच म्हणतो. संघटनेचा प्रमुख स्वतःच्या हाताने क्वचितच काही करतो, मग त्याला सराईत कसं म्हणणार? अट्टल म्हणजे न सुधारणारा. चोर किंवा दारुडा अट्टल असतो.

राहिला 'कुख्यात'. यातली 'ख्या' म्हणजे सांगणं, माहीत होणं. प्रख्यात, विख्यात, आख्यान हे सगळे त्याच घरातले. तेव्हा कुख्यात व्हायला वाईट असणं पुरत नाही, आधी नाव लोकांच्या तोंडी असावं लागतं. नागपूरचंच उदाहरण घ्या. १ जून २००६ ला पहाटे महालातल्या संघ मुख्यालयावर चालून आलेले तिघे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ते दहशतवादी होते, कुख्यात नव्हते. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना ओळखत कोण होतं? ज्याने पाठवलं तो कुख्यात असू शकतो. बातम्यांत मात्र मेलेल्या प्रत्येकाला हे विशेषण आपोआप लागतं.

आता 'मोस्ट वाँटेड'. शब्दशः करायला गेलं की 'सर्वाधिक हवा असलेला' होतं आणि वाचताना वाटतं, मुलीकडचे स्थळ बघतायत. महाराष्ट्र पोलिसांच्या कागदावर याला साधा मराठी शब्द आहे: 'पाहिजे'. 'पाहिजे आरोपी' किंवा 'पाहिजे असलेला आरोपी'. वाचायला रुक्ष, पण नेमका. 'मोस्ट'साठी वेगळा शब्द शोधत बसू नका. अमेरिकेच्या एफबीआयची तशी दहा जणांची ठरलेली यादी असते, तिथे 'मोस्ट वाँटेड यादी' असंच लिहावं. त्या यादीत ओसामा बिन लादेनचं नाव जून १९९९ मध्येच आलं, ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी वकिलातींवर झालेल्या स्फोटांबद्दल. '११ सप्टेंबरनंतर तो मोस्ट वाँटेड ठरला' हे वाक्य म्हणून दोन वर्षांनी चुकतं. त्या दिवसानंतर तो घरोघरी कुख्यात झाला, एवढंच.

'फरार'मध्ये सगळ्यांत जास्त घोळ होतो. अरबीत हे नाम आहे: पळून जाणं. म्हणून जुनी घडण 'फरारी आरोपी' आणि 'फरार होणे' अशी. आज 'फरार आरोपी' इतकं रुळलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद अर्थाचा आहे. जागेवरून सटकला तो 'पसार झाला'. महिनोन्महिने सापडत नाही तो 'फरार आहे'. कायद्यात याच्याही पुढची एक पायरी असते. वॉरंट निघूनही माणूस लपून राहिला, तर न्यायालय किमान तीस दिवसांची मुदत देऊन हजर होण्याची उद्घोषणा काढतं. ती गावात ठळक जागी वाचून दाखवतात, त्याच्या घरावर आणि न्यायालयात डकवतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली होतं. तरीही आला नाही आणि गुन्हा गंभीर असेल, तर 'उद्घोषित अपराधी'. नुसतं 'पोलीस त्याले शोधून राहिले' एवढ्यावर हा शब्द लावू नये.

मसूद अझहर कधी फरार झाला? १९९४ मध्ये तो काश्मीरमध्ये पकडला गेला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कंदाहारला, अपहृत विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात, सरकारने त्याला सोडला. 'तुरुंगातून फरार झालेला' हे वाक्य छापलं तर साफ खोटं. २००० मध्ये त्याने जैश-ए-महंमद काढली. तिथून पुढे तो भारताला 'पाहिजे'. लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफीझ सईद याचं आणखी वेगळं. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेने त्याच्यासाठी एक कोटी डॉलर जाहीर केले, आणि हा गृहस्थ लगेच पत्रकार परिषदेत बसलेला! ज्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक, तो लपलेला कसा? ते पैसेही त्याला अटक किंवा शिक्षा होईल अशा माहितीसाठी होते, म्हणून 'डोक्यावर बक्षीस' हा वाक्प्रचार तिथे जरा सैलच. ('इनामी दहशतवादी' ही हिंदीची उसनवारी, आपल्याकडे गडचिरोलीच्या बातम्यांतून ती शिरते.)

एकाच खटल्यात हे शब्द कसे बदलतात ते १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत दिसतं. दाऊद आणि टायगर मेमन फरारी. अबू सालेमही फरारी होता, पण नोव्हेंबर २००५ मध्ये पोर्तुगालहून प्रत्यार्पण झालं आणि ते विशेषण गळून पडलं. याकूब मेमन दोषी ठरला आणि ३० जुलै २०१५ ला आपल्याच नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फासावर गेला.

दाऊदपुरतं सांगायचं तर तो 'टोळीचा म्होरक्या'. म्होरं चालतो तो म्होरक्या, या शब्दाला टोळीचाच वास आहे. जैशसारख्या संघटनेला 'संस्थापक' किंवा 'प्रमुख' बरा. 'नेता' टाळा, तो शब्द मतं मागणाऱ्यांसाठी राहू द्या. 'दहशतवादी' हा मात्र २०१९ पासून व्यक्तीपुरता कायदेशीर शिक्काही आहे. त्या वर्षी यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि ४ सप्टेंबरला पहिली चार नावं जाहीर झाली: मसूद अझहर, हाफीझ सईद, लष्करचाच झकीउर रहमान लख्वी आणि दाऊद.

'नावारूपाला आला' काढून टाका. ते गायकाला, पैलवानाला शोभतं. मराठीत वाईटाच्या वाढीला शब्द काय कमी आहेत? डोकं वर काढलं, फोफावला, बस्तान बसवलं. माझी पसंती 'प्रस्थ'ला. तुमचं वाक्य असं होईल: "सुटकेनंतर मसूद अझहरचं प्रस्थ वाढलं, भारताला तो संसदेवरच्या हल्ल्यापासून पुलवामापर्यंतच्या प्रकरणांत पाहिजे आहे." यात 'कुख्यात' घातलाच पाहिजे असं नाही.