न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून १२ जणांच्या ग्रुपने नदीकाठाने हटपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की चढ नको, सोबत दहा-बारा वर्षांची दोन मुलं आणि साठीच्या एक काकू आहेत, आणि ‘डॉकची हट’ (डॉक म्हणजे इथलं सरकारी निसर्गसंवर्धन खातं, हट म्हणजे त्यांची डोंगरातली मुक्कामाची झोपडी) एकदा आतून बघायची आहे. अशा ग्रुपला मी आर्थर्स पास नॅशनल पार्कमधली हॉडन हट सुचवेन. स्टेट हायवे ७३ वरून कॅस ओलांडल्यावर माउंट व्हाइट रोडला वळायचं, वायमाकारिरी नदीवरचा पूल पार करायचा, मग कच्च्या रस्त्याने हॉडन शेल्टर. तिथून हट साधारण ९ किलोमीटर, एका बाजूने ३ तास. दरी रुंद, दोन्हीकडे बीच नावाच्या झाडांचं जंगल, चालणं बहुतेक गोट्यांतून आणि गवताळ सपाटीवरून. आखीव पायवाट सलग नाही.

सह्याद्रीत आपण ट्रेकची अवघडाई चढावरून मोजतो. इथे चढ नाहीच, सगळा प्रश्न पाण्याचा. हॉडन नदी सुरुवातीलाच ओलांडावी लागते, पूल नाही. पुढे आणखी किती वेळा, ते त्या वर्षी पात्र कुठे सरकलंय त्यावर.

म्हणून हवामान क्राइस्टचर्चचं बघू नका. नॉर-वेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला की शहरात ऊन आणि गरम वारा असतो, त्याच वेळी मुख्य डोंगररांगेवर धो-धो पाऊस. नदी काही तासांत फुगते. मेटसर्व्हिस या हवामान संस्थेचा आर्थर्स पासचा डोंगरी अंदाज वाचा, आदल्या दिवशीचा पाऊसही बघा. नॉर-वेस्टचा इशारा असेल तर बेत रद्द. ‘तिथे जाऊन बघू’ हे १२ जणांना दोन तास गाडीत बसवून आणल्यावर चालत नाही, मग कुणालाच परत फिरवत नाही.

काठावर पोचल्यावर एक काटकी पाण्यात टाका आणि तिच्या बरोबरीने चाला. ती तुमच्या चालीला मागे टाकत असेल तर उतरू नका. पाणी गढूळ, फांद्या वाहताहेत, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एक जरी असलं तरी परत. जागा निवडताना वळण टाळा, बाहेरच्या काठाला पाणी खोल असतं. नदी जिथे दोन-तीन फाट्यांत पसरते, तळ गोट्यांचा आणि पाणी मोठ्यांच्या गुडघ्याखाली, तिथून जा. खालच्या अंगाला अडकलेली झाडं किंवा कातळ नाही ना, तेही बघा.

ओलांडायचं चार-पाच जणांच्या साखळीने. सॅकचा छातीवरचा बकल आधी सोडा. हात शेजाऱ्याची पाठ आणि सॅक यांच्यामधून घालून पलीकडचा पट्टा घट्ट धरा. सगळ्यांची तोंडं समोरच्या काठाकडे, ओळ प्रवाहाला समांतर, सगळ्यात दणकट माणूस प्रवाह येतो त्या टोकाला, मुलं मध्ये. थोडं खालच्या दिशेने तिरकं चाला. बूट काढू नका. ते भिजणारच, आणि अनवाणी पायाखाली गोटा फिरला की घोटा गेलाच. दर वेळी बूट-मोजे उतरवणाऱ्या ग्रुपचा तासभर त्यातच जातो.

वेळेचा हिशोब असा: सकाळी ७ ला निघा, सव्वानऊला चालायला सुरुवात. दुपारी दीडला जिथे असाल तिथून माघारी, हट समोर दिसत असली तरी. पहिल्यांदा डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान जा, उजेड उशिरापर्यंत असतो. काकूंना पुढे चालू द्या, बाकीचे त्यांच्या चालीने. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, प्रथमोपचार पेटी आणि भाड्याने आणलेला पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागायचं छोटं यंत्र) त्याच्याकडे. दरीत मोबाइलची रेंज धरून चालू नका, म्हणून परतायची वेळ घरी कुणाला तरी लिहून द्या.

जीन्स आणि सुती टी-शर्ट नकोत, भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे, जाकीट, टोपी, टॉर्च. डबा थेपले-दशम्यांचा बरा, गार झाला तरी चालतो. सँडफ्लाय म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, त्यांना दूर ठेवणारं मलम विसरलात तर जेवण उभ्याने, हात झाडत करावं लागेल.

हटमध्ये मुक्कामी लोक असतील, तेव्हा ओले बूट बाहेर आणि बारा जणांचा पसारा बाहेरच्या ओट्यावरच. राहणार नसलात तरी नोंदवहीत नावं, तारीख आणि पुढचा बेत लिहा, शोध घ्यायची वेळ आली तर तीच आधी बघतात. रचलेली लाकडं मुक्कामींसाठी. कचरापेटी नाही, संत्र्याची सालंही परत आणायची.