गावात रोजच्या दीड जीबी डेटावर लॅपटॉपमध्ये पायथन, जिओपांडास कसं इन्स्टॉल करावं?

तुम्ही लिहिलंय की गाव मारेगाव तालुक्यात आहे, लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. उपग्रहाची चित्रं आणि पावसाचे आकडे जोडून पऱ्हाटीचा म्हणजे कापसाचा अभ्यास करायचाय, म्हणून पायथनमध्ये नकाशाचा डेटा हाताळणारं जिओपांडास हवंय. पण पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणाऱ्या कमांडने, गडाल टाकायला गेलं की 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ लागेल' असं सांगून सगळं थांबतं. भाऊ, मी दारव्ह्याकडचा. यातून मी गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांडी इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच वापरा.

आधी त्या एररचं सांगतो. गडाल ही नकाशांच्या आणि उपग्रहचित्रांच्या फाइली वाचणारी, मुळात सी प्लस प्लसमधली लायब्ररी. पिप आधी तयार बांधलेलं पॅकेज शोधतो, त्याला व्हील म्हणतात. विंडोजवर गडालचं व्हील त्याला सापडत नाही, म्हणून तो मूळ कोड आणून तुमच्याच लॅपटॉपवर कंपाइल करायला, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलायला घेतो, आणि ते करणारा कंपायलर तर तुमच्याकडे नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही. तो कंपायलर मात्र उतरवू नका. काही जीबी डेटा जाईल आणि मग प्रोज, जिऑस अशा सोबतच्या लायब्ऱ्यांपाशी गाडी पुन्हा अडेल.

कोंडा हा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम वापरा. तो पायथनसोबत या सी प्लस प्लसच्या लायब्ऱ्याही तयार बांधलेल्या आणि एकमेकींशी जुळणाऱ्या आणून देतो.

पण कोंडा म्हटलं की सगळे ॲनाकोंडाचा मोठा इन्स्टॉलर सुचवतात. २०२१च्या हिवाळ्यात मीही तोच लावला होता. संध्याकाळी डाउनलोड सुरू करून हरभऱ्याच्या ओलिताला गेलो. मध्येच लाइन गेली, तिच्यामागे टॉवर गेला, आणि परत येऊन बघतो तर फाइल अर्ध्यावर तुटलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. असे तीन दिवसांचे डेटा पॅक गेले. तेव्हा ध्यानात आलं की आपल्याकडं एक मोठी फाइल आणण्यापेक्षा शंभर लहान फाइली आणणं बरं, तुटली तर एकच तुटते.

म्हणून मिनीफोर्ज घ्या. इन्स्टॉलर शंभर एमबीच्या आसपास आहे आणि पॅकेजं तो कोंडा-फोर्ज या चॅनलवरून आणतो. हे चॅनल जगभरचे स्वयंसेवक चालवतात. इन्स्टॉल करताना जागा विचारेल तेव्हा सी ड्राइव्हवर थेट 'मिनीफोर्ज' नावाचं फोल्डर द्या, यूजरच्या फोल्डरात नको. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर दुकानदारानं यूजरचं नावच देवनागरीत टाकून दिलं होतं. त्या रस्त्यात देवनागरी अक्षरं आणि मधली मोकळी जागा आली की काही पॅकेजं चालतच नाहीत, आणि एरर वाचून कारण काही कळत नाही. दोन दिवस आम्ही भलतीकडेच शोधत होतो.

आता मुख्य काम. सगळी पॅकेजं एकाच कमांडमध्ये मागा: कोंडा क्रिएट, डॅश एन, शेत, मग पायथन, जिओपांडास, रास्टेरिओ (उपग्रहचित्रं वाचायला), मॅटप्लॉटलिब (आलेख काढायला), जुपिटरलॅब (कोड लिहून चालवायला). 'शेत' हे एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे पॅकेजांच्या वेगळ्या कप्प्याचं नाव, मात्र लिहायचं इंग्रजी अक्षरांतच. एकेक मागितलं तर कोणत्या आवृत्त्या एकमेकींना जमतात याची जुळवाजुळव कोंडा पुन्हा पुन्हा करतो, चॅनलची भलीमोठी यादी पुन्हा उतरू शकते, आणि आधी बसवलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्याही बदलू शकतात. जुन्या लेखांत वाचाल की ही जुळवाजुळव तासभर चालते. २०२३पासून कोंडात ही जुळवाजुळव करणारा लिबमांबा नावाचा वेगवान सॉल्व्हर आपोआप येतो, तेव्हा ती भीती सोडा.

जुळवाजुळव झाली की कोंडा एकूण किती एमबी उतरणार ते दाखवतो आणि पुढे जाऊ का विचारतो. इथं थांबून आकडा वाचा. आजच्या पॅकमध्ये मावत नसेल तर 'एन' दाबा, काही बिघडत नाही. माझ्याकडे तो पाचशे एमबीच्या आसपास होता. त्याच कमांडला 'डॅश डॅश डाउनलोड-ओन्ली' जोडलं तर पॅकेजं नुसती उतरून 'पीकेजीएस' या फोल्डरात साठतात. लाइन गेली तर पूर्ण उतरलेली तिथंच राहतात, पुन्हा कमांड दिली की उरलेलीच येतात. सगळी आली की 'डाउनलोड-ओन्ली'च्या जागी 'डॅश डॅश ऑफलाइन' जोडून तीच कमांड चालवा, नेट बंद असलं तरी चालतं. डाउनलोडच्या वेळी विंडोजची स्लीप सेटिंग बंद ठेवा. आणि 'कोंडा क्लीन' ही कमांड जागा मोकळी करायची म्हणून कुणी सांगितली तरी चालवू नका, ती हाच साठा पुसते.

मूळ 'बेस' एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीच टाकू नका. ते बिघडलं तर कोंडाच बिघडतो, 'शेत' बिघडलं तर पुसून साठ्यातून पाच मिनिटांत परत उभं राहतं. एखादं पॅकेज पिपनेच मिळत असेल तर ते सगळ्यात शेवटी, 'शेत' चालू करून टाका.

गावात अजून कोणी शिकत असेल तर त्याला पुन्हा डाउनलोड करायला लावू नका. कोंडा-पॅक नावाचं पॅकेज आहे, ते अख्खं एन्व्हायर्नमेंट एका फाइलीत बांधतं. पेन ड्राइव्हवर न्या, त्याच्या विंडोज लॅपटॉपवर उघडा आणि 'कोंडा-अनपॅक' चालवा, तिकडे कोंडा नसला तरी जमतं. आमच्याकडे चार पोरांनी असंच घेतलं.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं मात्र जपून उतरवा. एकेक टाइल, म्हणजे चित्राचा चौकोनी तुकडा, शंभर किलोमीटरहून लांब-रुंद असते आणि फाइल जीबीच्या घरात जाते. कॉग, म्हणजे तुकड्यातुकड्यानं वाचता येणाऱ्या फाइलीच्या स्वरूपात क्लाउडवर ठेवलेलं चित्र मिळालं तर रास्टेरिओ त्यातून तुमच्या शेताचा तुकडाच वाचतो, अख्खी फाइल आणत नाही. तुमच्या पॅकमध्ये हाच रस्ता परवडेल. आधी 'शेत' चालू करून पायथनमध्ये 'इम्पोर्ट जिओपांडास' आणि मग 'इम्पोर्ट रास्टेरिओ' लिहून बघा. दोन्ही वेळा काही न बोलता पुढची ओळ आली, तर गडाल बसलं.