अमेरिकेत गुलामगिरी आणि वंशभेदाबद्दल कृष्णवर्णीयांना भरपाई मिळावी यासाठी स्थानिक पातळीवर काही होतंय का? आपण मराठी माणसांनी तिथे काय करावं?

होतंय. शिकागोच्या उत्तरेला लागून असलेलं इव्हान्स्टन बघा. नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांच्या पुढाकाराने 2019 मध्ये तिथल्या नगर परिषदेने ठराव केला, की गांजाविक्रीवरच्या करातून 1 कोटी डॉलर भरपाईसाठी राखायचे. कर गांजाचाच का, तर गांजापायी तिथे अटक झाली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांनाच. मार्च 2021 मध्ये पहिली योजना मंजूर झाली: 1919 ते 1969 या काळात गावात राहिलेले कृष्णवर्णीय किंवा त्यांचे वंशज यांना घरासाठी 25 हजार डॉलर. काळ नेमका तोच, कारण त्या वर्षांत त्यांना ठरावीक वस्तीबाहेर घर आणि कर्ज मिळू दिलं जात नव्हतं. 2022 च्या सुरुवातीला सोडत काढून पहिले 16 जण निवडले गेले.

गंमत म्हणजे 2021 मध्ये योजनेच्या विरोधात पडलेलं एकमेव मत सिसिली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय नगरसेविकेचंच. ही घरकुल योजना झाली, भरपाई नव्हे. पैसा कसा वापरायचा ते ज्याचं त्याला ठरवू द्या, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटतो. पुढे रोख रकमेचा पर्यायही आला.

आता आपलं काम. तिथे राहत असाल तर नगर परिषदेच्या बैठकीला जा, ऐका, पाठिंबा नोंदवा, स्थानिक निधीला देणगी द्या. आणि हो, "आमच्याकडे आरक्षण कसं चालतं" यावर लगेच भाषण नको.