'लाइन' या इंग्रजी शब्दाला इतके अर्थ कसे आले, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

शब्दकोशातली 'लाइन'ची यादी पाहून तुम्ही घाबरलात, असं प्रश्नावरून वाटतं. ती यादी पाठ करू नका. मी ठाण्यात नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि हा शब्द दरवर्षी मुद्दाम घेते, कारण तो त्यांच्या तोंडी आधीपासूनच असतो: सेंट्रल लाइन, ट्रान्स-हार्बर लाइन, पाण्याची लाइन, तिकिटाची लाइन.

लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणत. हो, आपण चटणी करतो तेच जवस. त्याच्या खोडातल्या तंतूंचं कापड म्हणजे लिनन आणि त्याचा दोरा म्हणजे 'लिनिया'. हा शब्द जुन्या इंग्रजीत दोर या अर्थाने आला, नंतर फ्रेंचमार्गे पुन्हा आला, आणि दोन्ही मिळून आजचा 'लाइन' झाला.

आता गवंड्याचं काम आठवा. वीट रचण्याआधी तो दोन टोकांमध्ये दोरी ताणतो. ताणलेला दोरा म्हणजे सरळ रेघ. रेघेवरून रांग, कागदावरची ओळ, नाटकातल्या नटाचं वाक्य. आपल्याकडेही हेच घडलंय: सूत म्हणजे दोरा, पण सरळ माणसाला आपण सुतासारखा सरळ म्हणतो, आणि 'सूत्र' तर दोऱ्यावरून थेट नियमापर्यंत पोचलं. टेलिफोनची लाइन म्हणजे तार, तिथे दोरा उघडच दिसतो. रुळांची लाइन ठाण्यात 16 एप्रिल 1853 पासून आहे, बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली तेव्हापासून.

कोटाच्या 'लायनिंग'मध्ये रेघ शोधू नका. आतून लिननचं कापड लावत, म्हणून ते लायनिंग. मुलांना हा अर्थ सर्वात जास्त आवडतो.

'डेडलाइन'ची गोष्ट मात्र भीषण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. तीच डेडलाइन. मुदत हा अर्थ विसाव्या शतकात वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून रुळला. हे सांगितल्यावर वर्गात कुणी तो शब्द विसरत नाही, आणि मला स्वतःला तो सहज वापरवत नाही.

म्हणून नवा अर्थ भेटला की आधी विचारा, यात दोरा कुठे आहे? बहुतेक वेळा सापडतो.

तुम्ही 'सेट'बद्दलही विचारलंय. तिथे ही युक्ती अर्धीच चालते, कारण त्यात दोन वेगळे शब्द एकत्र आलेत. ठेवणे, बसवणे हे क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. भांड्यांचा सेट म्हणतो तो, म्हणजे संच, लॅटिन 'सेक्टा'वरून फ्रेंचमार्गे आलेला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊबंद. वहीत या दोघांसाठी वेगवेगळी पानं ठेवा.