‘भाव आण’ म्हणू नका, काम द्या : शाळेतल्या नाट्यवर्गाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहावी-सातवीच्या मुलांना उत्स्फूर्त प्रवेश करायला सांगितला की दोन मिनिटांत मारामारी होते, नाहीतर कुणीतरी मरतं. मग हसण्या-ओरडण्यात तास संपतो. विषय बदलून पाहिले, तरी तेच.

उत्तर : विषय बदलून फरक पडणार नाही, कारण नुसत्या विषयात मुलांना करायला काही नसतं. ‘दवाखान्यातला प्रवेश करा’ म्हटलं की पहिली दोन वाक्यं निघतात आणि पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रवेशात ताण हवा हे मुलांना उपजत कळतं, आणि तो आणायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ठोसा. म्हणून ताण तुम्ही आधीच द्या. कोण, कुठे, कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय, एवढं ठरलं की पुरे.

समजा, दोन भावंडं आहेत. आई यायच्या आत मोठी चादर घडी करून ठेवायची आहे. चादरीवर शाई सांडलीय, पण ते एकालाच माहीत आहे आणि दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. चादर काल्पनिक, वेळ दीड मिनिट, एकमेकांना हात लावायचा नाही. आता डागाची बाजू आत वळवायला एक जण घाईघाईने फिरतो, दुसरा म्हणतो, ‘अरे, पीळ पडतोय!’ आणि चादर उलगडायला लागतो. मारामारी सुचायला उसंतच राहत नाही.

प्रवेश चालू असताना तो न थांबवता बाजूने सूचना द्या. रंगखेळांची, म्हणजे नाटक शिकवणाऱ्या खेळांची, पद्धत रुजवणाऱ्या अमेरिकन शिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचं हे मोठं देणं आहे. सूचना तीन-चार शब्दांची आणि कृतीची असावी : ‘टोक सोडू नकोस’, ‘कापड जड आहे’, ‘आई जिन्यात आली’. मुलांनी तुमच्याकडे बघायचं नाही, ऐकून खेळत राहायचं, हे आधी सांगून ठेवा. ‘अजून राग दाखव’ म्हणालात की मूल भुवया आवळून प्रेक्षकांकडे बघतं आणि प्रवेश तिथेच संपतो.

नंतर बघणाऱ्यांना ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘चादर केवढी होती? दुसऱ्या घडीनंतर ती पुन्हा लांब कशी झाली?’ असं विचारा. मुलं या बाबतीत फार बारकाईने बघतात, आणि पुढच्या जोडीची चादर आपोआप सुधारते.

आणखी एक. दोघं करतात आणि तीस जण बसून राहतात, असा तास असेल तर गोंधळ होणारच. आधी सगळ्या जोड्यांना एकाच वेळी करू द्या. मग चार-पाच जोड्यांनीच करून दाखवावं, बाकीच्यांची पाळी पुढच्या तासाला. चाळीस मिनिटांत एवढंच बसतं.

प्रश्न : आमच्या मुलांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. ‘मोठ्याने’ म्हटलं की ओरडतात आणि तालमीच्या शेवटी घसा बसतो.

उत्तर : बहुतेक वेळा कमी पडतो तो आवाज नव्हे, उच्चार. त्यातही वाक्याचं शेपूट. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी ते पत्र वाचलं नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं गेलं, की प्रेक्षकाला उलटाच अर्थ पोचतो. म्हणून संहितेत श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा पेन्सिलीने करून घ्या आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरीव हवा, असा दंडक ठेवा.

मग हा सराव. जोड्या समोरासमोर, अंतर दहा फूट. आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ आणि जीभ हलवून वाक्य म्हणायचं, समोरच्याने ओळखायचं. ओळखलं की तेच वाक्य त्याच स्पष्टपणे, नेहमीच्या आवाजात. मग अंतर वीस फूट, मग तीस. कुजबुजून हा सराव करून घेऊ नका, जोर लावून कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. श्वासासाठी खांदे न उचलता श्वास घेऊन ‘स्‌ऽऽ’ असा एकसारखा सोडायचा. सुरुवातीला दहा सेकंद जमले तरी ठीक. आवाज थरथरायला लागला की थांबायचं, रेटायचं नाही.

ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना उंच पट्टीतलं गाणं किंवा किंकाळी देऊ नका. आवाज मध्येच चिरकला तर वर्ग हसतो, आणि तो मुलगा पुढे तोंडातल्या तोंडात बोलू लागतो. आवाज फुटताना असं होतंच, हे सुरुवातीलाच सगळ्यांना समजावून सांगा.

प्रश्न : पाठांतर चोख आहे, पण सगळे एकाच सुरात, कविता म्हटल्यासारखे बोलतात.

उत्तर : घरी एकट्याने घोकताना ती चाल बसते. चाल पक्की झाल्यावर ‘नैसर्गिक बोल’ सांगून काही होत नाही. हातांना काम द्या : बुटाची नाडी बांधत, दप्तर भरत संवाद म्हणायला लावा. किंवा एकमेकांकडे चेंडू टाकत म्हणा, चेंडू हातात आल्याशिवाय बोलायचं नाही. समोरच्याचं ऐकावंच लागतं आणि चाल मोडते. पुढच्या वेळी पाठांतर हालचाली ठरल्यावरच सुरू करा, म्हणजे शब्द पावलांबरोबर लक्षात राहतात.

प्रश्न : एक मुलगी वर्गात छान बोलते, पण सगळ्यांसमोर उभी राहतच नाही. सक्ती करावी का?

उत्तर : नको. आधी प्रेक्षक काढून टाका. ब्रिटनच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीत शिक्षक स्वतः भूमिका घेतो आणि सगळा वर्ग एकाच वेळी नाटकात असतो. तुम्ही गोंधळलेले सरपंच व्हा : ‘पूर येतोय, काय करू, सांगा!’ वर्ग म्हणजे गाव. तिला नकाशावर उंच जागा शोधण्याचं काम द्या. बघायला कुणीच बसलेलं नसतं, आणि सरपंचाला तर तिचं उत्तर हवंच असतं. असे चार-पाच तास झाले की तिला छोट्या गटाच्या प्रवेशात घ्या, पण आधी तिला विचारून.